हार्ड डिस्कचा डबा तापतोय? एन्क्लोजर घेण्याआधी हा हिशोब करा



धंदा सुरू करताना आपण भाडं, डिपॉझिट, मशीन, कच्चा माल, सगळ्याचा हिशोब वहीत मांडतो. पण तुमचा धंदा लग्नाच्या फोटोंचा असेल, व्हिडिओ एडिटिंगचा असेल, डीटीपीचा असेल, नाहीतर लोकांची टॅलीची खाती सांभाळायचा असेल, तर तुमचा खरा माल गोदामात नसतो. तो टेबलावरच्या एका डब्यात असतो. आणि तो डबा आपण घेतो कसा? दुकानात गेलो, स्वस्त कुठला विचारलं, काळा चकचकीत दिसला, घेऊन आलो.

मीही तसाच घेतला होता. त्याची फी मी भरली आहे, म्हणून तुम्ही भरू नका. आजचा लेख त्यासाठीच.

माझी चूक

मी जळगावचा. आमच्याकडचा मे महिना कसा असतो ते वेगळं सांगायला नको. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी बचत गटाच्या महिलांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी रेकॉर्ड केलं होतं. कामाचा अॅडव्हान्स घेतलेला. सगळं रेकॉर्डिंग एका ३.५ इंची हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क एका बंद प्लास्टिकच्या एन्क्लोजरमध्ये. कॅमेऱ्याची कार्डं मी लगेच पुसून पुढच्या शूटला वापरली. ही पहिली चूक, तिच्याकडे शेवटी येतो.

दुपारी दोन वाजता एडिटिंगसाठी कॉपी लावली. अर्ध्या तासाने डिस्क स्क्रीनवरून गायब. केबल काढली, घातली, परत दिसली. परत कॉपी लावली, परत गायब. मला वाटलं केबल खराब आहे. असं चार-पाच वेळा केलं. शेवटी आतून टक-टक आवाज यायला लागला आणि ती परत कधी दिसलीच नाही. डबा उघडून डिस्क हातात घेतली तर धरवेना. गंमत म्हणजे बाहेरून तो डबा फक्त कोमट लागत होता!

डेटा रिकव्हरीवाल्याने सांगितलेला आकडा त्या कामाच्या बिलापेक्षा मोठा होता. संस्थेची माफी मागितली आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने पुन्हा घेतलं. त्या बायका दुसऱ्यांदा आल्या, हा त्यांचा मोठेपणा.

डिस्कमध्ये आधीपासूनच काही दोष असेलही. पण गायब होणारी डिस्क तापलेल्या डब्यात पुन्हा पुन्हा चालू करत राहणं, हा दोष माझाच.

डब्याच्या आत काय होतं?

३.५ इंची हार्ड डिस्क काम करताना साधारण ६ ते ९ वॉट वीज खाते. ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता बनते. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब तासभर लावून ठेवा आणि बंद करून त्याच्या बुडाला हात लावून बघा. तेवढी ऊब एका बंद डब्यात, बाहेर जायला वाट न देता, तासन् तास साठत राहिली तर काय होईल?

म्हणजे प्रश्न डिस्क तापते का हा नाही. ती तापणारच. प्रश्न आहे, ती उष्णता डब्याबाहेर कुठल्या वाटेने जाते?

वाटा दोनच. एक, डिस्कच्या धातूच्या अंगातून डब्याच्या धातूच्या अंगात आणि तिथून हवेत. दोन, डब्यातून वाहणाऱ्या हवेबरोबर. बंद प्लास्टिकच्या डब्यात या दोन्ही वाटा बंद असतात. प्लास्टिक उष्णता जाऊ देत नाही, अॅल्युमिनियम शेकडो पटींनी जास्त जाऊ देतं.

इथे बहुतेक लोक फसतात. दुकानात दोन चालू डबे हातात घेतले, एक गरम लागला आणि एक गार, तर आपण गार लागणारा उचलतो. आता मला सांगा, स्टीलच्या पेल्यातला चहा हाताला चटका देतो, थर्मासमधला देत नाही. मग लवकर निवतो कुठला? पेल्यातलाच ना! धातूचा डबा गरम लागतोय म्हणजे आतली उष्णता बाहेर येतेय. प्लास्टिकचा गार लागतोय म्हणजे ती आतच कोंडली आहे. हाताने डब्याची परीक्षा करू नका. आकड्याने करा.

किती तापलं म्हणजे जास्त?

बहुतेक साध्या हार्ड डिस्कना कंपन्या चालू असताना ६० अंश सेल्सिअसच्या आसपासची मर्यादा देतात. काही मॉडेलना थोडी जास्त असते. तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळेल, तो बघून लिहून ठेवा.

पण उगाच घाबरूनही जाऊ नका. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की मधल्या पट्ट्यात चार-पाच अंश इकडेतिकडे झाल्याने फारसा फरक पडत नाही. अतिगार डिस्क जास्त टिकतात असंही नाही. तापमान खूप वर गेलं तर मात्र धोका वाढतो, आणि तोही मुख्यतः जुन्या झालेल्या डिस्कमध्ये. आपल्याकडे काय असतं? डिस्क चार वर्षं जुनी, एसी नाही आणि बाहेर मे महिना. म्हणजे आपण नेमके त्या धोक्याच्या कोपऱ्यात बसलेलो असतो.

मी स्वतःसाठी सोपा नियम केला आहे. ४५ अंशांपर्यंत निर्धास्त. ५० ला लक्ष ठेवायचं. ५५ ला कॉपी थांबवायची.

आता खरा हिशोब: 'चढ' काढा

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. वही घ्या.

डिस्कचं तापमान = खोलीचं तापमान + डब्याचा चढ.

चढ म्हणजे सतत काम चालू असताना डिस्क खोलीपेक्षा किती अंशांनी जास्त तापते तो आकडा. त्याच डिस्कला तेच काम दिलं तर एका डब्याचा चढ साधारण तेवढाच राहतो, बदलतं ते खोलीचं तापमान. म्हणूनच डिसेंबरात छान चालणारा डबा मे महिन्यात दगा देतो. डबा तोच असतो, आपण त्याची परीक्षा चुकीच्या महिन्यात घेतलेली असते.

एकाच डिस्कवर मी तीन डबे मोजले. खोली तेव्हा २७ अंशांवर होती.

बंद प्लास्टिकचा डबा: डिस्क ५२ वर गेली. चढ २५.
अॅल्युमिनियमचा, पंखा नसलेला: डिस्क ४३. चढ १६.
अॅल्युमिनियमचा, मागे पंखा असलेला: डिस्क ३६. चढ ९.

आता मे महिन्यातली माझी ३९ अंशांची खोली धरा. प्लास्टिकमध्ये ३९ + २५ = ६४, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. नुसत्या अॅल्युमिनियममध्ये ५५, म्हणजे काठावर. पंख्याच्या डब्यात ४८, म्हणजे चालेल. ही माझ्या टेबलावरची मापं आहेत, तुमची थोडी वेगळी येतील. पण बेरीज हीच करायची.

महाबळेश्वरला स्टुडिओ असेल तर पंख्याशिवायचा डबा पुरेल. चंद्रपूरला असेल तर पुरणार नाही. एसी लावून काम करत असाल तर एसीच्या खोलीचा आकडा धरा, पण वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर एसी चालत नाही हेही लक्षात ठेवा.

आधी ठरवा, आत काय बसणार आहे?

२.५ इंची हार्ड डिस्क: लॅपटॉपमध्ये असायची ती छोटी. यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, वीज कमी खाते, म्हणून कमी तापते. रोज थोडा बॅकअप घेणाऱ्या अकाउंटंटला हिच्यासाठी साधा डबाही चालतो. फक्त जाडी बघा. बरेच डबे ७ आणि ९.५ मिलिमीटरसाठी असतात. ४-५ टीबीच्या काही डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात, त्या आत जातच नाहीत.

३.५ इंची हार्ड डिस्क: मोठी, जास्त जागेची, दर टीबीमागे स्वस्त. हिला १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर लागतो. फोटो-व्हिडिओवाल्यांचं काम मुख्यतः हिच्यावर चालतं, आणि तापण्याचा खरा प्रश्नही हिचाच.

एम डॉट २ एनव्हीएमई एसएसडी: च्युइंगमच्या पट्टीएवढी, पण वेगवान आणि चांगलीच तापणारी. जास्त तापली की ती स्वतःच वेग कमी करते. कॉपी सुरुवातीला पळते आणि मग रखडते, त्याचं एक कारण हे असतं. हिच्यासाठी अॅल्युमिनियमचाच डबा घ्या आणि चिप व डबा यांच्यामध्ये लावायचा मऊ थर्मल पॅड सोबत आहे का ते बघा. तो न लावता डबा बंद केला तर धातूचा काही उपयोग नाही.

दोन-चार डिस्कचे डबे: डिस्क शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकींना तापवतात. पंखा नसलेला असा डबा घेऊच नका.

उघडा डॉक: यात डिस्क उभी खोचतात, अर्धी बाहेर राहते, त्यामुळे हवा मिळते. तासा-दोन तासांच्या कामाला उत्तम. पण धूळ, घरातली मुलं, टेबलाला लागणारा धक्का यांचा विचार करा. कायम लावून ठेवायला डॉक नको.

दुकानात तपासायच्या सात गोष्टी

लॅमिंग्टन रोडला जा, पुण्याच्या बुधवार पेठेत जा, नाहीतर ऑनलाइन मागवा. या सात गोष्टी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

१. अॅल्युमिनियम खरं आहे की रंग? चंदेरी रंगाचं प्लास्टिक भरपूर मिळतं. हाताला लगेच गार लागतं ते अॅल्युमिनियम.

२. डिस्क धातूला टेकते का? हे कोणी बघत नाही. बाहेर अॅल्युमिनियम आणि आत प्लास्टिकचा ट्रे, म्हणजे डिस्क आणि धातू यांच्यात भिंत. डिस्क धातूच्या ट्रेवर स्क्रूने कसली जाते किंवा मध्ये थर्मल पॅड येतो, असा डबा घ्या.

३. हवेला आत यायला आणि बाहेर जायला वाट आहे का? भोकं एकाच बाजूला असून उपयोग नाही. समोरून हवा आत आणि मागून बाहेर, अशी सरळ वाट हवी.

४. पंखा केवढा? ४० मिलिमीटरचा छोटा पंखा जोरात फिरतो आणि किरकिर करतो. ८० मिलिमीटरचा हळू फिरून तेवढीच हवा देतो. पंखा काढून बदलता येतो का तेही विचारा. पंखा सगळ्यात आधी जाणारा भाग आहे. आणि पंखा असला तरी अंग धातूचंच हवं, म्हणजे तो बंद पडला तर निदान एक वाट उघडी राहील.

५. अॅडॉप्टर किती अँपिअरचा? एका ३.५ इंची डिस्कसाठी १२ व्होल्ट, २ अँपिअर बघा. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी ती सर्वांत जास्त करंट ओढते. कमजोर अॅडॉप्टर असेल तर डिस्क अशीच मधूनच गायब होते आणि आपण उष्णतेला किंवा केबलला दोष देत बसतो.

६. तापमान दाखवतो का? डिस्कच्या आत तापमान मोजणारा सेन्सर असतोच. पण डब्यातली चिप तो आकडा संगणकापर्यंत जाऊ देते का, हे महत्त्वाचं. काही स्वस्त चिप जाऊ देत नाहीत. आकडाच दिसला नाही तर चढ काढणार कसा? दुकानदाराला सांगा, 'स्मार्ट माहिती दिसली नाही तर परत करीन,' आणि तसं बिलावर लिहून घ्या.

७. काम नसताना डिस्क झोपते का? दहा-पंधरा मिनिटं काम नसलं की डिस्क थांबवणारी सोय चांगली. डिस्क थांबली की तापणंही थांबतं.

आणि हो, पक्कं बिल घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर दुकानदाराला तुमचा नंबर द्या, म्हणजे इनपुट क्रेडिट घेता येईल. हा धंद्याचा खर्च आहे, तो धंद्याच्या वहीतच गेला पाहिजे.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी चाचणी

परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. डिस्कवर ग्राहकाचा डेटा टाकायच्या आधी करा.

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. उघडलं की डिस्कचं तापमान दिसतं. लिनक्सवाल्यांना स्मार्टमॉनटूल्स आहे. डब्याशेजारी साधा खोलीचा थर्मामीटर ठेवा. मग मोठी कॉपी लावा. १ टीबीची कॉपी सेकंदाला १५० एमबी वेगाने जवळजवळ दोन तास चालते, तेव्हा चाचणीही तेवढीच लांब हवी. पाच मिनिटांच्या चाचणीत कुठलाही डबा पास होतो!

दर पंधरा मिनिटांनी डिस्कचा आकडा लिहा. लागोपाठ तीन वेळा तोच आकडा आला की वाढ थांबली. त्यातून खोलीचं तापमान वजा करा. तो तुमचा चढ. डब्याला कागद चिकटवून त्यावर लिहून ठेवा: 'चढ १६'. मग तुमच्या गावच्या मे महिन्यातलं खोलीचं तापमान त्यात मिळवा. ५० च्या आत आलं तर डबा ठेवा. ५५ च्या वर गेलं तर परत करा.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जुन्या डब्यातली डेटा असलेली डिस्क नव्या डब्यात घातली की कधी कधी संगणक विचारतो, 'फॉरमॅट करायचं का?' नाही म्हणा! काही डबे डिस्कवरची माहिती आपल्या पद्धतीने मांडतात, काही तयार डिस्कमध्ये तर ती कुलूपबंद असते, म्हणून दुसऱ्या डब्याला ती वाचता येत नाही. डेटा गेलेला नसतो. डिस्क जुन्या डब्यात परत घाला, दुसरीकडे कॉपी काढा, मगच बदला. तयार डिस्कचा डबा फोडला तर वॉरंटी जाऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

चांगला डबा चुकीच्या जागी ठेवू नका

कपाटात नको. लॅपटॉपच्या गरम हवेच्या झोतात नको. धूळ बसू नये म्हणून वर रुमाल तर मुळीच नको. दोन डबे एकावर एक रचू नका. स्टँड असेल तर डबा उभा ठेवा. गरम हवा वर जाते आणि खालून गार हवा येते. मात्र तो पडणार नाही असा घट्ट उभा असू द्या.

पंख्याची जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करा. कोकणात किंवा गोव्यात असाल तर एसीतून बाहेरच्या दमट हवेत आणलेली डिस्क लगेच चालू करू नका, अर्धा-एक तास थांबा, नाहीतर आत दव धरतं. आणि मोठ्या कॉपी उन्हाळ्यात दुपारी लावू नका. पहाटे लावा. खोली सहा अंशांनी गार असेल तर डिस्कही सहा अंशांनी गार राहील. याला एक रुपया खर्च नाही.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं

आता त्या पहिल्या चुकीकडे येतो. माझा डबा तापला ही अडचण होती. पण माझं नुकसान झालं ते वेगळ्याच कारणाने: रेकॉर्डिंगची प्रत एकच होती. जगातला सगळ्यात गार डबा आणला तरी त्यातली डिस्क एक दिवस मरणार आहे. थंड डबा तो दिवस पुढे ढकलेल, टाळणार नाही.

म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. ग्राहकाला काम पोचून पैसे जमा होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही. एकाच चांगल्या डब्याचे पैसे असतील, तर फार महागडा डबा घेऊ नका. मध्यम डबा घ्या आणि उरलेल्या पैशांत दुसरी डिस्क घ्या.

लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. बारशाचं रेकॉर्डिंग पुन्हा होत नाही. लोक आपल्याला नुसते पैसे देत नाहीत, त्यांचा परत न येणारा दिवस आपल्या हातात देतात. तो आपण कुठल्या डब्यात ठेवतो, यावरून आपला धंदा किती दिवस चालणार ते ठरतं.

तेव्हा आज संध्याकाळी एकच काम करा. टेबलावरच्या डब्याचा चढ मोजा आणि त्यावर लिहून ठेवा. मे महिना यायच्या आत तुम्हाला कळलेलं बरं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काम करत राहा, हिशोब लिहीत राहा.